घोटिंगाखालची रोपं

आमचं मूळ गाव खानापूर तालुक्यात, जांबोटी ओलांडून चोर्ल्याच्या वाटेवर. आजोबा नोकरीसाठी बेळगावात आले आणि टिळकवाडीत राहिले. त्यामुळे आम्ही बेळगावचे, आणि माझी मुलगी आता बेंगळूरची. गावात थोरले काका आणि त्यांचा मुलगा, आमचा दादा, शेती बघतात. खाली भात, वर काजू, आणि त्याच्याही वर डोंगराच्या अंगाला सामाईक रानाचा एक पट्टा.

त्या पट्ट्यात एक जुनं झाड होतं. शाळेच्या पुस्तकात त्याला बेहडा म्हणतात, हिरडा-बेहडा-आवळा या त्रिफळ्यातला. आज्जी घोटिंग म्हणायची. बुंधा असा की आम्ही चार चुलत भावंडं हात धरून उभे राहिलो तरी वेढा पुरा होत नसे. वर, दुसऱ्या मजल्याच्या खिडकीएवढ्या उंचीवर, एक ढोली होती. बेहड्याला तशी फारशी इज्जत नाही. नळाच्या गोष्टीत कली राजाच्या अंगातून निघतो आणि याच झाडात जाऊन बसतो, म्हणून कित्येक ठिकाणी लोक त्याच्या सावलीलाही बसत नाहीत. त्याच गोष्टीत ऋतुपर्ण राजा झाडाकडं नुसतं बघून पानं आणि फळं किती ते सांगतो, आणि नळ आकडा पडताळायला ते झाडच तोडतो. ही गोष्ट आज्जीनं सांगितली तेव्हा मला नळाचं पटलं होतं. आकडा पडताळायला नको का? पुढं मी टेस्टिंगमधून नोकरीला सुरुवात केली यात आश्चर्य नाही.

आज्जी मात्र कलीला भीत नव्हती. परड्यात, देवळामागं, कुणाच्या बांधावर काही लावायचं असलं की पहिल्या पावसानंतर ती आम्हाला घेऊन घोटिंगाखाली जायची. "रोप पाहिजे तर घोटिंगाखाली बघायचं," हा तिचा नियम. आणि तिथं रोपं असतच. जांभळाची, धुपाची, रामपत्रीची, आणखी कितीतरी, ज्यांची नावं तिला येत होती आणि मी विचारून ठेवली नाहीत. ती खुरप्यानं मातीच्या गोळ्यासकट रोप उचलायची, पळसाच्या पानात गुंडाळायची आणि आमच्या हातात द्यायची. देवळामागची दोन धुपाची झाडं अशीच आलेली.

एक साधी गोष्ट माझ्या लक्षात यायला पुढं पंचवीस वर्षं लागली. घोटिंगाखाली घोटिंगाची रोपं जवळजवळ नसायचीच. सगळी दुसऱ्या झाडांची. आणि त्या झाडांपैकी एकही तिथं हाकेच्या अंतरावर नव्हतं.

2019 च्या पावसाळ्यानंतर दादाचा फोन आला. काजूला दर बरा होता, वरच्या पट्ट्यात कलमं लावायची होती, त्यासाठी जुनी झाडं काढायला हवी होती. जमीन सामाईक, म्हणजे सगळ्यांच्या सह्या लागणार. दादानं कागद पाठवला. दोन मीटिंगांच्या मध्ये मी तो छापला, सही केली, स्कॅन करून परत पाठवला. चार पानं होती. मी शेवटचंच पान उघडलं. परक्याच्या कोडमधला एक स्वल्पविराम बदलला तरी मी तीन वेळा वाचून मगच मंजुरी देतो. इथं वाचलंही नाही.

डिसेंबरात झाड पडलं. मला ते जानेवारीत कळलं, तेही सहज, बोलता बोलता.

फेब्रुवारीत एका रविवारी सकाळी काकांचा फोन आला. काका फोन करणाऱ्यातले नाहीत. म्हणाले, "अरे, गरुडं आलीत की रे. जोडी आहे. काल पण आलती. फिरून फिरून त्याच जागेवर येतात, पलीकडच्या आंब्यावर बसतात, परत फिरतात. घोटिंग हुडकाल्यात वाटतंय." मी काय बोलणार? "बरं" म्हणालो. काका थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "बरं काय?" आणि फोन ठेवला.

काका ज्याला गरुड म्हणतात तो पुस्तकातला धनेश, आणि धनेशांमधलाही सगळ्यांत मोठा, महाधनेश. लांबीला एक मीटरच्या आसपास, पिवळी वाकडी चोच आणि त्या चोचीवर पालथ्या होडीसारखं शिरस्त्राण. हा उडताना दिसायच्या आधी ऐकू येतो. पंखांच्या पिसांची मुळं खालून इतर पक्ष्यांसारखी झाकलेली नसतात, त्यांच्यामधून वारा जातो आणि जुन्या वाफेच्या इंजिनासारखा फुस्स-फुस्स आवाज होतो. लहानपणी आम्हाला वाटायचं, कॅसलरॉकची गाडी इथवर ऐकू येते.

त्या फोननंतर मी वाचायला लागलो. अपराधीपणानं वाचायला लागलो हे आधीच कबूल करतो, कारण पुढं जे मी उत्साहानं सांगणार आहे ते ऐकून मी पहिल्यापासून निसर्गप्रेमी होतो असा कुणाचा समज व्हायला नको. मला तोवर बुलबुल आणि साळुंकी सोडून फारसं काही ओळखू येत नव्हतं.

धनेशाची मादी विणीच्या काळात उंच झाडाच्या ढोलीत शिरते आणि स्वतःच्या विष्ठेनं ढोलीचं तोंड आतून लिंपून घेते. राहते ती एक उभी फट, चोच बाहेर येईल एवढीच. आत ती अंडी घालते, उडायची पिसं गाळते, म्हणजे मनात आलं तरी तिला उडून जाता येत नाही. बाहेरून नर फळं आणतो. गळ्यात भरून आणतो आणि एकेक वर काढून फटीतून तिला देतो. उंबर, वड, नांदरुक यांची फळं सगळ्यांत जास्त, त्याशिवाय जांभळं, धुपाची फळं, रानजायफळं. पिल्लू उडेपर्यंत साधारण चार महिने हा कारभार चालतो. नर मेला तर आतल्या कुटुंबाचं काय होतं ते सांगायला नको. ढोली चांगली निघाली तर तीच जोडी वर्षानुवर्षं त्याच ढोलीत येते. स्वतः ढोली कोरणं त्यांना जमत नाही. शंभरेक वर्षांच्या झाडाची फांदी मोडावी, तिथं कुजावं, पोकळी व्हावी, तेव्हा एक घर तयार होतं.

आणि आत खाल्लेल्या फळांच्या बिया? मोठ्या बियांवरचा गर निघाला की पक्षी त्या उलटून टाकतो, बारीक बिया विष्ठेतून जातात. घर स्वच्छ ठेवायचं तर दोन्ही फटीतून बाहेर. म्हणजे थेट झाडाखाली. अभ्यासक ढोलीखालच्या बिया वेचून मोजतात आणि त्यावरून धनेशानं त्या हंगामात काय काय खाल्लं याचा हिशेब मांडतात. खालच्या रोपांवरून ढोली किती वर्षं वापरात आहे याचाही अंदाज येतो.

हे वाचलं तेव्हा मी बेंगळूरच्या घरात, रात्री साडेअकराला, उठून उभा राहिलो. आज्जीची रोपवाटिका कुणी चालवली होती ते मला तेव्हा कळलं.

झाडाला चालता येत नाही, हे आपण तिसरीत शिकतो आणि तिथंच सोडून देतो. पण झाडाच्या दृष्टीनं ही फार मोठी अडचण आहे. बी आईच्या पायाशी पडलं तर सावली असते, हे एक. दुसरं जास्त वाईट असतं. आईच्या अंगावरच्या किडी, मातीतली बुरशी, तिच्याच बियांवर जगणारे भुंगे, सगळे तिथं दबा धरून असतात. 1970 मध्ये डॅनियल जॅन्झन यांनी आणि 1971 मध्ये जोसेफ कॉनेल यांनी स्वतंत्रपणे हा विचार मांडला. जॅन्झन मध्य अमेरिकेतल्या जंगलांत काम करणारे, कॉनेल ऑस्ट्रेलियातल्या. आईपासून जितकं लांब, तितकी जगण्याची शक्यता जास्त, आणि म्हणूनच उष्ण प्रदेशातल्या जंगलात एकाच जातीची झाडं घोळक्यानं न राहता विखुरलेली असतात, असं त्यांचं म्हणणं. विखुरण्यासाठी वाहन लागतं. दाट जंगलात खाली वारा फारसा पोचत नाही. म्हणून झाडं फळ पिकवतात, म्हणजे वाहनाचं भाडं देतात. उष्ण कटिबंधातल्या वर्षावनांत शंभरातल्या सत्तर ते नव्वद जातींची झाडं बिया पसरवण्यासाठी प्राण्यांवर अवलंबून असतात, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

रामपत्रीचंच बघा. हे आपलं रानजायफळ. फळ उकललं की आत बी आणि बीवर लालभडक जाळी. ती जाळी म्हणजेच बाजारात मिळणारी रामपत्री. झाडाला ओल लागते. गोव्यात सत्तरीतल्या निरंकाराच्या राईत आणि सिंधुदुर्गात हेवाळे-बांबर्डेच्या राईत पाण्यात पाय सोडून उभी असलेली रानजायफळाची झाडं आहेत. जड, सुपारीहून मोठं बी. ते गिळायला तेवढा मोठा घसा पाहिजे. बुलबुलाला ते जमणार नाही. जमतं ते धनेशाला आणि डोंगरातल्या मोठ्या रानकबुतराला. ते जाळी पचवतात आणि बी जसंच्या तसं बाहेर टाकतात, बरेचदा दुसऱ्या ओढ्याकाठी. म्हणजे घसा केवढा आहे यावर ठरतं की कुठलं झाड पुढं जाणार.

ब्राझीलमध्ये अटलांटिक किनाऱ्याच्या जंगलात याचा एक विलक्षण पुरावा मिळाला. तिथल्या एका जातीच्या माडाच्या बिया टूकन आणि तसेच मोठ्या चोचीचे पक्षी गिळतात. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं दिसलं, की जिथून हे मोठे पक्षी शंभरेक वर्षांत नाहीसे झाले, तिथल्या माडांच्या बियाच लहान झाल्यात. उरलेल्या छोट्या पक्ष्यांना ज्या गिळता येतात तेवढ्याच पुढं गेल्या. आणि लहान बी लवकर सुकतं, पाऊस लांबला की मरतं.

आता सगळेच फळखाऊ प्राणी झाडाचे मित्र असतात असं नाही. पोपट बी फोडून खातो. हरियाल उंबर खातो पण त्याच्या पोटातली चक्की उंबराचं बारीक बीसुद्धा दळून टाकते. शेकरूही बऱ्याच वेळा बीच कुरतडतं. आता हरियाल हा महाराष्ट्राचा राज्यपक्षी आणि शेकरू राज्यप्राणी. आम्ही सीमाभागातली माणसं, यावर जास्त बोलणार नाही.

उलट ज्यांना आपण शिव्या घालतो ते कामाचे निघतात. माकड गालाच्या पिशवीत फळं कोंबतं आणि पळत जाऊन दुसऱ्या झाडावर बसून बिया थुंकतं. कांडेचोर भेर्ली माडाची फळं खातो आणि दगडावर, वाटेवर विष्ठा टाकून जातो, बियांसकट. आमच्याकडच्या अस्वलांची दहशत खानापूर भागात सगळ्यांना माहीत आहे, पण बहाव्याच्या टणक शेंगा फोडून आतला गर खाणारं अस्वलच, आणि त्याच्या विष्ठेतून बहावा रुजतो. बेहड्याची, आवळ्याची फळं हरणं गिळतात आणि मागून निवांत बसून रवंथ करताना कठीण बी थुंकून टाकतात. वटवाघळाची तर निराळीच उपयुक्तता. पक्षी बहुधा बसून हगतो, म्हणजे बी पुन्हा झाडाखालीच. वटवाघूळ उडता उडता हगतं, म्हणून त्याच्या बिया उघड्या, मोकळ्या जागेत पडतात, जिथं झाड नाही आणि हवं आहे.

दादाचा काजूही यातून सुटत नाही. काजू मूळचा ब्राझीलकडचा, पोर्तुगीजांनी आणला. वटवाघळं बोंडासकट बी उचलतात, आपल्या ठरलेल्या झाडावर नेऊन बोंडाचा रस चोखतात आणि बी खाली टाकतात. लहानपणी आम्ही पहाटे त्या झाडाखाली जाऊन काजूबिया वेचायचो आणि विकून क्रिकेटचा बॉल घ्यायचो. त्या बिया काकांच्याच रानातल्या होत्या, हे आता सांगायला हरकत नाही.

सगळ्या सुंदर गोष्टींवर विश्वास ठेवू नये हेही या वाचनात शिकलो. मॉरिशसच्या डोडोची गोष्ट तुम्ही ऐकली असेल: डोडो नामशेष झाला आणि त्याच्यावर अवलंबून असलेलं एक झाड रुजायचंच थांबलं. 1977 मध्ये स्टॅन्ली टेंपल यांनी ती मांडली. टर्की पक्ष्यांना त्यांनी सतरा बिया चारल्या, दहा सलामत बाहेर आल्या, तीन रुजल्या. पण न चारलेल्या बिया किती रुजतात हे त्यांनी सोबत तपासलं नव्हतं. पुढच्या अभ्यासकांना त्या झाडाची तरुण झाडंही सापडली. तीनशे वर्षांत एकही रुजलं नाही, हे खरं नव्हतं. आमच्या क्षेत्रात असा रिपोर्ट कुणी दिला तर पहिला प्रश्न हाच येईल: बदल न करता चालवून बघितलं का?

तर मी चालवून बघितलं. लॉकडाऊन लागला होता, शनिवार-रविवार मोकळे होते. संगणकावर एक खोटं जंगल केलं. दोनशे बाय दोनशे चौकटी, प्रत्येक चौकटीत एक झाड. तीन जाती: एकीच्या बिया वाऱ्यानं जातात, दुसरीच्या छोट्या पक्ष्यांनी, तिसरीच्या फक्त धनेशानं. दर वर्षी शंभरातलं एखादं झाड पडतं, रिकाम्या जागी जवळपास पोचलेल्या बियांमधून एक उगवतं. आईशेजारी पडलेल्या बीला जगण्याची संधी कमी. बस्स, एवढंच. अभ्यासकांच्या लेखी हा पोरखेळ, हे मला मान्य आहे.

पहिल्या वेळी जंगल इतकं छान वाढलं की मलाच शंका आली. चूक माझी होती. मी धनेशाला सगळीकडं सारख्या बिया फेकायला लावलं होतं, जणू तो शेतात खत टाकतोय. खरा पक्षी तसं करत नाही. तो फळांच्या झाडावर, रात्रीच्या वस्तीच्या झाडावर आणि ढोलीपाशी बियांचे ढीग टाकतो, मधे मधे थोड्या. ते दुरुस्त केल्यावर दिसलं की ढिगातल्या बहुतेक बिया गर्दीत मरतात. तिथून त्यांना पुढं नेणारा आणखी कुणी लागतो. खऱ्या जंगलात ते काम उंदीर, मुंग्या, शेणकिडे करतात. आमच्या रानात आज्जी करत होती. पळसाच्या पानात गुंडाळून.

मग मी धनेशांची संख्या शून्य केली.

काहीच झालं नाही. वीस वर्षं गेली, चाळीस गेली, पडद्यावर जंगल जवळजवळ तसंच हिरवं. मी दोन तास कोडमधली चूक शोधत होतो. चूक नव्हती. शेवटी झाडांच्या वयाचा तक्ता काढला तेव्हा कळलं. तिसऱ्या जातीची मोठी झाडं उभी होती, पण लहान, आईपासून लांबचं, एकही नव्हतं. झाडांचं आयुष्य मोठं असल्यामुळे वरून काही दिसत नव्हतं. 1992 मध्ये केंट रेडफर्ड यांनी अशा जंगलाला रिकामं जंगल म्हटलंय: झाडं जागेवर, उपग्रहाच्या फोटोत सगळं हिरवं, पण मोठे प्राणी शिकारीनं संपलेले. माझ्या पडद्यावर तिसरी जात पुरती संपायला काही शतकं लागली. सही करायला मला अर्धं मिनिट लागलं होतं.

2021 च्या मे महिन्यात गावी गेलो. काका अंगणात सुपारी कातरत बसले होते. बोलले, पण मोजकं. जेवण झाल्यावर मी दादाला घेऊन वर गेलो. घोटिंगाचा बुंधा जमिनीलगत कापलेला, भोवती काजूची कलमं गुडघ्याएवढी. मी दादाला सगळं सांगायला लागलो. धनेश, ढोली, जॅन्झन, माझं खोटं जंगल. तो ऐकत होता. मग म्हणाला, "तुझं सगळं बरोबर असेल. पण तुझा पगार महिन्याला येतो. माझा काजू वर्षातून एकदा येतो, आणि मोहोराला ढग आले तर तोही येत नाही. सही मागितली तेव्हा एकदा विचारलं असतंस, कुठलं झाड, तर मीच सांगितलं असतं की ढोली आहे. मला वाटलं तुला माहीत आहे. तू शिकलेला."

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

पण दादा वाईट माणूस नाही आणि बेहिशेबीही नाही. आम्ही बुंध्यावर बसून बोललो. अरुणाचलात पक्के व्याघ्र प्रकल्पाभोवती न्यिशी लोक पूर्वी धनेश मारायचे, त्याची चोच डोक्यावरच्या टोपीला लावायचे. आता तेच ढोल्यांची राखण करतात, शहरातली माणसं एकेक घरटं दत्तक घेऊन त्याचा खर्च देतात, आणि टोपीला फायबरची चोच लागते. केरळात वाझाचालच्या जंगलात कादर लोक हेच काम करतात. दादा म्हणाला, "म्हणजे पैसे तू देणार." मी म्हटलं, देतो. बुंध्याभोवतीची दहा गुंठे जागा सोडायची, तिथं कलम नाही, तण काढायचं नाही, वणवा जाऊ द्यायचा नाही. त्या दहा गुंठ्यांत काजू झाला असता तर जेवढा आला असता तेवढे पैसे मी दर जूनला द्यायचे. आणि पलीकडचा जुना आंबा, ज्याच्या वरच्या फांदीला पोकळी धरलीय, तो माझ्या आणि त्याच्या हयातीत तोडायचा नाही. हे आम्ही कागदावर लिहिलं. मी चारही ओळी दोनदा वाचल्या. दादा हसला.

घरी आल्यावर काकांना सांगितलं. ते म्हणाले, "दहा गुंठ्यात काय होतंय?" मी म्हटलं, बघू. तर म्हणाले, "तुमी पोरं बी त्या गरुडासारखीच. खाता हितलं आन जाऊन पडता बेंगळूरात, पुण्यात." मग अडकित्ता बाजूला ठेवून म्हणाले, "पडा, पडा. रुजा म्हंजे झालं."

त्यानंतर चार पावसाळे झाले. दहा गुंठ्यांत काय आलंय याची यादी मी दर मे महिन्यात करतो. पहिल्या वर्षी नुसतं रानमोडी आणि घाणेरी. मुलीला घेऊन गेलो होतो, ती म्हणाली, "बाबा, हे तर कचरा आहे." दुसऱ्या वर्षी त्यात जांभळं दिसायला लागली, ती बुलबुलांनी किंवा कांडेचोरानं आणलेली असणार. जुन्या ढिगातली काही रोपं कलमं लावताना वाचली होती, ती आता माझ्या छातीला लागतात. त्यात एक धूप आहे. पानं तोडून वास घेतला तेव्हा खात्री झाली. रामपत्रीचं एक रोप आहे असं मला वाटतं, काका म्हणतात ते नव्हेच. जागा कोरडी आहे, त्यामुळे बहुतेक काकाच बरोबर असतील. बुंध्याला घोटिंगाचेच चार-पाच फुटवे आलेत, दादानं दोन ठेवून बाकीचे काढले. त्यात ढोली व्हायला मुलीची नातवंडं म्हातारी व्हावी लागतील.

भीमगड अभयारण्य 2011 मध्ये जाहीर झालं, ते आमच्यापासून फार लांब नाही. दांडेलीला तर धनेशांसाठी वेगळं राखीव क्षेत्र आहे आणि पश्चिम घाटातले चारही धनेश तिथं दिसतात. म्हणजे पक्षी आहेत. येणं-जाणं आहे. महाधनेश फळं शोधत एका दिवसात पुष्कळ डोंगर ओलांडतो. यंदा मुलीला सुट्टीत दांडेलीला न्यायचं ठरवलंय, तिनं अजून एकही पाहिलेला नाही.

या फेब्रुवारीत काकांचा फोन आला, पुन्हा रविवारीच. मी मीटिंगमध्ये नव्हतो, तरी आधी दारं बंद केली आणि मग घेतला.

"एक आलता," काका म्हणाले. "नर. आंब्यावर बसला. पोकळीत चोच घालून बघितलं."

"मग?"

"मग काय? गेला."

"परत येईल का?"

"मला काय विचारतोस? माझं काय त्याच्याशी बोलणं हाय?" काका म्हणाले. मग जरा थांबून, "बसला होता तिथं खाली बिया पडल्यात. दादाला म्हटलंय, झाडू नको."